डाव्या हाताची मुलं

शाळेत पाहुणे येणार असले की आम्हाला आदल्या दिवशी हात वर करायला शिकवलं जायचं. उत्तर येत असेल तर उजवा हात, येत नसेल तर डावा. हात मात्र सगळ्यांचा वर हवा. टीचर उजव्या हातांतला एक निवडायच्या, उत्तर बरोबर यायचं आणि मागे खुर्च्यांवर बसलेल्या पाहुण्यांना दिसायचं की या वर्गातल्या प्रत्येक मुलाला प्रत्येक प्रश्नाचं उत्तर येतं. बुलढाण्यातल्या त्या इंग्लिश मीडियम शाळेत मी दहा वर्षं काढली आणि दहाही वर्षं डावा हात वर केला.

उत्तरं मला येत असत. वाक्य यायचं नाही. आमच्या घरी वऱ्हाडी बोलली जायची, जरा शहरी वळणाची, आणि देऊळघाटला मामाकडे गेलं की पूर्ण मोकळी. प्रश्न कानावर पडला की उत्तर आधी त्या बोलीत उमटायचं. मग मी त्याचं इंग्रजी करायला घ्यायची, मग ते मनात दोनदा म्हणून बघायची, आणि तोवर टीचर पुढच्या प्रश्नावर पोचलेल्या असायच्या. प्रगतिपुस्तकात दरवर्षी एकच शेरा यायचा, की मुलगी शांत आणि आज्ञाधारक आहे. मी शांत नव्हते. मी कामात होते.

सातवीत असताना एकदा वडील असा वर्ग बघायला आले. ते सरकारी कचेरीत लिपिक होते, अर्ध्या दिवसाची रजा टाकून, इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि शेवटच्या खुर्चीवर बसले. संध्याकाळी चहा पिताना आईला सांगत होते, "एकबी प्रश्न असा नाई का हिनं हात वर नाई केला. बाकीचे पोरं दमून हात बदलत होते. हिचा हात शेवटपर्यंत हालला नाई."

"मंग बोलली का काही?" आईनं विचारलं.

"नंबर नाई लागला तिचा. चाळीस पोरं, सगळेच हुशार."

मी आतल्या खोलीत दप्तर लावत बसले. वडिलांना मी ते आजतागायत सांगितलेलं नाही.

आता मी मेहकरच्या बाहेर, शेतांच्या कडेला बांधलेल्या एका इंग्लिश मीडियम शाळेत सहावीला विज्ञान शिकवते. त्या वर्गाची वर्गशिक्षिकाही मीच. मुलं व्हॅननं येतात, काही मेहकरातलीच, काही सुलतानपूरकडची, काही त्याच्याही पुढच्या वाड्यांवरची आणि तांड्यांवरची. व्हॅनमधून उतरताना त्यांच्या तोंडात वऱ्हाडी असते, हिंदी असते, उर्दू असते, बंजारा मुलांची गोरमाटी असते. फाटकाजवळ पाटी आहे, येथून पुढे फक्त इंग्रजीत बोला. पाटीही इंग्रजीत आहे. तिथून पुढे मुलांचे आवाज लहान होत नाहीत, बंदच होतात. पाहुणे याला शिस्त म्हणतात.

माझ्या वर्गात एक मुलगी आहे, सुलतानपूरच्या पलीकडच्या तांड्यावरची. घरी आई-बहिणींशी गोरमाटी, दुकानात आणि व्हॅनमध्ये वऱ्हाडी, टीव्हीसमोर हिंदी, आणि शाळेत इंग्रजी. अकरा वर्षांची मुलगी दिवसभर चार भाषांतून ये-जा करते आणि दिवाळीआधीच्या परीक्षेत तिच्या तोंडीच्या रकान्यात शून्य होतं. बाकी विषयांत ती काठावर पास होती. वर्गात तिचा हात नेहमी वर असायचा. डावा.

हो, आमच्या शाळेतही तीच रीत आहे. नोकरीला लागले त्या पहिल्याच आठवड्यात सुपरवायझर मॅडमनी मला ती समजावून सांगितली, जशी काही त्यांनीच शोधून काढली होती. मी मान हलवली. मला ती माहीत आहे असं मी म्हणाले नाही. मला कुठलीच गोष्ट पटकन म्हणता येत नाही, आणि लोक त्याला होकार समजतात.

सुपरवायझर मॅडम पन्नाशीच्या आहेत, शाळा उघडली तेव्हापासून इथे आहेत. वाईट नाहीत. मुलांच्या वह्या स्वतःच्या हातानं तपासतात, आजारी मुलाला घरी सोडायला स्वतः जातात. दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली त्या दिवशी त्यांनी मला बोलावलं.

"बेटा, ती तांड्यावरची मुलगी. ओरलला तोंडच उघडत नाही. तिला आपण पाचवीत बसवू."

"वर्षाच्या मध्येच?"

"मग काय झालं? तिच्याच भल्याचं आहे. बेस पक्का होईल. पालकांकडून लेखी घेऊ, म्हणजे उद्या कुणी बोलायला नको. फॉर्मवर तीन सह्या लागतात. पालकांची, वर्गशिक्षिकेची, माझी. पंधरा दिवसांनी ओपन क्लास आहे, पालक येतीलच, तेव्हाच उरकून टाकू."

ओपन क्लास म्हणजे पालकांसमोर घ्यायचा तास. मी म्हणाले, "बघते." अवघड काही समोर आलं की मी हाच शब्द वापरते.

त्या मुलीच्या शेजारी सुलतानपूरची एक मुलगी बसते. शेतकऱ्याची, बोलकी, नाकावर सतत शाई. तिला कुठून कळलं कोण जाणे, पण दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती माझ्या टेबलाशी आली. फाटकाच्या आतल्या नियमामुळे ती कुजबुजत होती.

"टीचर, तिले पाचवीत बसोनार हाय का?"

"कोण म्हणालं?"

"व्हॅनमधे सगळे म्हनून राह्यले. तिले पाचवीत नका टाकू टीचर. तिचे बाबा म्हनले, मांगं बसवलं तं शाळा बंद. तिच्या मोठ्या बहिनीचं तसंच केलं ना. एक वर्ष मांगं टाकलं, मंग घरीच ठेवलं."

"आता काय करते तिची बहीण?"

"घर पाह्यते," ती म्हणाली, आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की हा प्रश्न विचारण्यासारखा होता का.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की मॅडमच्या लेखी जी एका वर्षाची गोष्ट होती ती एका वर्षाची नव्हतीच. आणि त्या कागदावर एक सही माझी लागणार होती.

माझ्याकडे पंधरा दिवस होते. मला वाटलं, मुलीला बोलतं करायचं, की झालं. इतकं सोपं. दुसऱ्या दिवशी पाठ होता पदार्थ वेगळे करण्याचा, वेचणं, चाळणं, उफणणं. मी वर्गात तिला उभं केलं आणि आपण फार मोठ्या मनाचे आहोत अशा थाटात म्हणाले, "उफणण्याला तुमच्या भाषेत काय म्हणतात? सांग सगळ्यांना."

ती उभी राहिली. तिनं शब्द सांगितला, अगदी हळू. मागच्या बाकावरून कुणीतरी तो शब्द तिच्याच आवाजात परत म्हटला. वर्ग हसला. मी सगळ्यांना गप्प केलं, पण ती खाली बसली ती आठ दिवस पुन्हा उठली नाही. हजेरीलाही नुसती मान वर करायची.

त्या रात्री भाड्याच्या खोलीत मी स्वतःला पुष्कळ बोलून घेतलं. मला कुणी असं उभं केलं असतं तर मी जमिनीत गेले असते. मी तिची भाषा वर्गात आणली नव्हती. मी तिला वर्गासमोर नेऊन ठेवलं होतं, प्रदर्शनातल्या वस्तूसारखं. बाकीच्यांना काही सांगायचं नव्हतं, फक्त बघायचं होतं. आणि हे मला, दहा वर्षं डावा हात धरून बसलेल्या बाईला, कळायला हवं होतं.

मग मी एकच गोष्ट बदलली. प्रश्न विचारल्यावर उत्तर लगेच मागायचं थांबवलं. प्रश्न फळ्यावर लिहायचा आणि तीन मिनिटं बाकाबाकांवर बोलायला सोडून द्यायचं. ज्या भाषेत येईल त्या भाषेत. तीन मिनिटांनी ज्याला बोलायचं तो बोलेल, अर्धं एका भाषेत, अर्धं दुसऱ्या भाषेत चालेल, आणि जिथं इंग्रजी अडेल तिथं बाकीचे पुरवतील. सगळ्यांनाच हे करायचं होतं, ज्यांचं इंग्रजी फर्डं त्यांनाही. म्हणजे कुणी एकटं उभं राहणार नव्हतं.

पहिल्या दिवशी काहीच घडलं नाही. मुलं माझ्याकडे बघत बसली. त्यांना वाटलं, ही परीक्षा आहे, बोललं की नाव लिहून घेणार. दुसऱ्या दिवशी इतका गोंधळ झाला की शेजारच्या वर्गाच्या टीचर दारात येऊन उभ्या राहिल्या. त्या गोंधळात विज्ञान किती होतं ते मला माहीत आहे, फारच थोडं. एका बाकावर क्रिकेट चाललं होतं, एका बाकावर दोन मुलं एकमेकांच्या भाषेतल्या शिव्यांची देवाणघेवाण करत होती. तिसऱ्या दिवशी प्रश्न नीट निवडला. लोहचुंबक लोखंडाखेरीज आणखी काय ओढतं, असा. त्यावर भांडणं झाली. भांडायला मुलांना आपली भाषा लागते, आणि भांडण जिंकायला मात्र सगळ्यांना कळेल अशी. हे मला कुठल्या प्रशिक्षणात कुणी सांगितलं नव्हतं. मी समोर उभी राहून बघितलं.

ती मुलगी त्या तीन मिनिटांत शेजारणीशी बोलत होती. मला ऐकू जाणार नाही एवढ्या आवाजात, पण हात हलवून, बोटं मोजून. मी तिच्या बाकाकडे मुद्दाम जात नव्हते. लाजाळू माणसाला दुसऱ्या लाजाळू माणसाचं अंतर कळतं.

ओपन क्लासच्या आदल्या दिवशी सुपरवायझर मॅडम वर्गात आल्या आणि त्यांनी स्वतः हातांची तालीम घेतली. उजवा, डावा, सगळ्यांचा वर. एकाच वेळी वर, एकाच वेळी खाली. मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ते तुझं गप्पांचं प्रकरण उद्या नको हं. पालक फी कशाची भरतात? पोरानं घरच्यासारखं बोलावं म्हणून नाही भरत."

त्या गेल्या. दार लावून मी मुलांना सांगितलं, "उद्या उजवा-डावा नाही. बोलायचं असेल त्यानंच हात वर करायचा. कुठलाही." मुलांनी माना हलवल्या. त्या माना मला ओळखीच्या वाटायला हव्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मागे खुर्च्या लागल्या. पालक आले. कृषी केंद्राचे मालक, दोन शिक्षक, एक बँकेतले, बाकी बरेचसे शेतकरी, काही थेट वावरातून आलेले. ती मुलगी आईबरोबर बसनं आली होती. आई भिंतीला टेकून उभी होती, खुर्ची रिकामी असून. मी जाऊन "ताई, बसा" म्हणाले तेव्हा टोकावर बसली. सुपरवायझर मॅडम मधल्या खुर्चीवर, हातात वही.

पाठ तोच ठेवला होता, पदार्थ वेगळे करण्याचा. मी फळ्यावर प्रश्न लिहिला. घरात धान्य आलं, त्यात माती आणि काडीकचरा आहे, कसं स्वच्छ कराल? आणि मॅडमकडे न बघता म्हणाले, "थ्री मिनिट्स. टॉक."

वर्ग बोलायला लागला. मागच्या खुर्च्यांवर चुळबुळ झाली. मॅडमची वही उघडली गेली. ती तीन मिनिटं फार लांब होती.

तीन मिनिटं संपली, मी विचारलं, "हू वॉन्ट्स टू स्पीक?" आणि चाळीसच्या चाळीस हात वर गेले. एकाच वेळी. उजवे आणि डावे. मी सांगितलेलं सगळं पाच वर्षांच्या सवयीपुढे वाहून गेलं होतं. आणि सवय फक्त त्यांनाच नव्हती. माझी नजर सरळ उजव्या हातांकडे गेली. मी विचारही केला नाही. कृषी केंद्राच्या मालकांच्या मुलाचं नाव माझ्या तोंडून निघालं.

तो उठला आणि पुस्तकातलं उत्तर सुरेख म्हणाला. मोठे खडे वेचून काढावेत, बारीक माती चाळून, हलका कचरा उफणून. इंग्रजी स्वच्छ होतं. टाळ्या झाल्या. सगळे हात एकदम खाली आले.

एक आला नाही. तिसऱ्या बाकावर डावा हात तसाच वर होता.

एकाला निवडलं की बाकीच्यांनी हात खाली घ्यायचे, हे तिला चांगलं माहीत होतं. डावा हात म्हणजे मला येत नाही, हेही. तरी तो वर होता. शेजारीण तिला कोपरानं ढकलत होती, खाली घे म्हणून की बोल म्हणून, ते कळत नव्हतं. मॅडमनी मला मानेनं खूण केली, पुढे चला. मी तिचं नाव घेतलं.

ती उभी राहिली. शेजारणीकडे बघून, आमच्याकडे न बघता, बोलायला लागली. पहिले दोन शब्द गोरमाटी होते, मग वऱ्हाडी.

"त्यानं सांगितलं ते सोयाबीनले नाई जमत. आमच्या सोयाबीनमधे मातीच्या खपल्या येतात. चपट्या. दान्याएवढ्याच राह्यतात. चाळनीत दान्यासंगच राह्यतात नाईतं दान्यासंगच पडतात."

"उफनायचं ना मंग," मागच्या बाकावरून आलं.

"वजनालेबी दान्याएवढ्याच. वाऱ्यानं उडत नाईत."

"वेचून काढायच्या."

"चार पोत्यांमधून? तू येजो वेचाले."

वर्ग हसला. या वेळी तिच्याबरोबर. मी विचारलं, "मग काय करायचं?" मी मराठीत विचारलं होतं, हे मला नंतर कळलं.

"याडी बाज तिरपी करते," ती म्हणाली. याडी म्हणजे आई, हे शेजारणीनं लगेच सगळ्यांना सांगून टाकलं. "एका अंगाले खाली विटा ठेवते. वरून ताडपत्री तानते. मंग वरून थोडं थोडं सोडते. दाना गोल राह्यते, तो घरंगळून खाली येते. खपली चपटी राह्यते, ते तिथंच बसते."

मग मागच्या खुर्च्यांवरून एका शेतकऱ्याचा आवाज आला. "बरोबर सांगते पोरगी. आमी पत्र्यावर करतो." दुसरा म्हणाला, "पत्र्यावर लय जोरात येते, सगळंच खाली येते. ताडपत्रीच पाह्यजे." "तिरपं किती ठेवता त्याच्यावर हाय ना ते." बँकेतले गृहस्थ मान वळवून ऐकायला लागले. कृषी केंद्राच्या मालकांचा मुलगा उभा राहून वडिलांना विचारू लागला, आपल्या गोदामातलं यंत्र असंच चालतं का. वडील म्हणाले, असंच रे, फक्त पत्रा गोल जिन्यासारखा वळत खाली येतो.

मी फळ्यावर तिरपी बाज काढली. मुलांना म्हणाले, आता हे इंग्रजीत लिहायचं आहे, सांगा. चारी बाजूंनी शब्द आले. उतार, घरंगळणं, चपटं. शेवटचं वाक्य कुणी सांगायच्या आत ती स्वतःच म्हणाली, फळ्याकडे बोट करून.

"राउंड वन कम्स डाउन. फ्लॅट वन सिट्स देअर."

मी ते जसंच्या तसं लिहिलं. तास संपल्याची घंटा झाली तेव्हा दोन शेतकरी अजून उतारावर वाद घालत होते.

मला वाटलं, झालं. कुणालाही असंच वाटलं असतं. पण पालक पांगल्यावर मॅडमनी मला, त्या मुलीला आणि तिच्या आईला ऑफिसमध्ये बोलावलं. फॉर्म टेबलावर भरून तयार होता. तो सकाळीच भरलेला होता.

"टीचर, ओपन क्लास होता," त्या शांतपणे म्हणाल्या. "मार्केट यार्ड नव्हतं."

"तिला विषय समजला आहे, मॅडम. पुस्तकात नाही ते तिनं सांगितलं."

"सांगितलं कशात? दोन वाक्यं सोडली तर सगळं घरचंच. पेपर ती कशात लिहिणार आहे?" मग मुलीच्या आईकडे फॉर्म सरकवला. "इथं सही करा."

आईनं पेन घेतलं. तिला सही येत होती. पण तिनं कागदावर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. "काय लिवलं हो बाई याच्यात?"

"मुलीच्या भल्याचंच आहे," मॅडम म्हणाल्या.

त्या ऑफिसात मी कधी इंग्रजी आणि प्रमाण मराठीखेरीज बोलले नव्हते. आणि घरची बोली तर मी बीएडला पुण्यात असतानाच तोंडातून काढून टाकली होती. तिथं एकदा मी मेसमध्ये "मले भाजी नको" म्हणाले होते आणि वर्षभर मुली मला "मले" अशी हाक मारायच्या. मी तो फॉर्म उचलला आणि पहिल्या ओळीपासून वाचून दाखवायला लागले, मामाच्या अंगणात बोलायचे तशी.

"याच्यात लिवलं हाय का तुमची पोरगी सहावीच्या वर्गात चालू शकत नाई. म्हून शाळा तिले पाचवीत बसोते. आन हे तुमी तुमच्या मर्जीनं मान्य करता. पुढं तुमची काही तक्रार राह्यनार नाई."

"टीचर, इंग्लिश प्लीज," सुपरवायझर मॅडम म्हणाल्या.

मी कागद उलटून मागची ओळही वाचली.

आई ऐकत होती. मग म्हणाली, "चालू शकत नाई असं कोन म्हन्ते? मी तं आत्ता मांगं बसून पाह्यलं. तुमी म्हनता का, बाई?"

"मी नाई म्हनत, ताई."

"मंग म्या कायले सही करू?" तिनं पेनाला टोपण लावलं आणि पेन अगदी अदबीनं मॅडमच्या समोर ठेवलं. मुलीला म्हणाली, "चाल." दोघी गेल्या.

मॅडमनी फॉर्म माझ्या हातातून घेऊन माझ्यासमोर ठेवला. चेहऱ्यावर रागापेक्षा आश्चर्य जास्त होतं. "पालकांना आपण समजावू नंतर. वडिलांना बोलावू. तुझी सही तर कर."

"मी नाही करणार."

"बघते म्हणाली होतीस ना?"

"बघितलं, मॅडम."

दुसऱ्या दिवशी मला पत्र मिळालं. ओपन क्लासमध्ये शाळेच्या भाषेचा नियम का मोडला, हातांच्या सूचना का पाळल्या नाहीत, पालकांसमोर असभ्य बोलीत का बोललात आणि सही का नाकारली, याचा लेखी खुलासा तीन दिवसांत द्यावा. असभ्य हा शब्द मी दोनदा वाचला.

खुलासा मी आधी इंग्रजीत लिहायला घेतला, कारण लिहायचं म्हटलं की हात तिकडेच जातो. पहिल्याच ओळीत दिलगिरी आली. कागद फाडून दुसरा घेतला, त्यात तिसऱ्या ओळीत आली. माझ्या इंग्रजीला माफी मागायचीच सवय लागलेली आहे. ती भाषा मी घाबरत शिकले आणि घाबरतच वापरली. तिचा दोष नाही, पण या कामाला ती उपयोगाची नव्हती. मग मी मराठीत लिहिलं. मराठी लिहिताना माझ्या वेलांट्या चुकतात, शब्द अडतात, शाळेत ती मला कुणी नीट शिकवली नाही. तरी लिहिलं.

लिहिलं की माझ्या वर्गातली चाळीस मुलं मिळून घरी चार भाषा बोलतात आणि विचार त्याच भाषांत करतात. इंग्रजी त्यांना यायलाच हवी, मी तीच शिकवते आहे. पण जे आधी बोलता आलं नाही ते इंग्रजीत लिहिता येणार नाही. हातांची सूचना मी मुद्दाम पाळली नाही आणि यापुढेही पाळणार नाही, कारण ती मुलांना उत्तर येत नसल्याचं लपवायला शिकवते, आणि येत असलं तरी लपवायला शिकवते. माझी बोली असभ्य नाही. आणि सदर विद्यार्थिनीला सहावीचा विषय समजला आहे, तो तिनं चाळीस मुलं आणि पालकांसमोर समजावून सांगितला आहे, त्यामुळे ती या वर्गात चालू शकत नाही या विधानाखाली मी सही करणार नाही. खाली सही केली, ती मात्र ठळक.

मॅडमनी खुलासा वाचला आणि मॅनेजमेंटकडे पाठवते म्हणाल्या. तेव्हापासून त्या माझ्याशी फक्त वेळापत्रकापुरतं बोलतात. स्टाफरूममधल्या एक-दोघी मला एकटीला गाठून म्हणाल्या, बरं केलंस, आणि नंतर सगळ्यांसमोर माझ्याशेजारी बसल्या नाहीत. ते मी समजू शकते. मीही बरीच वर्षं तशीच बसत आले.

मुलगी अजून सहावीत आहे. बोलघेवडी वगैरे झालेली नाही. तीन मिनिटांत बोलते, कधी उठून बोलते, कधी नाही. परवा विजेच्या पाठाला तिचं उत्तर साफ चुकलं, मी तसं सांगितलं, तर तिनं शेजारणीशी वाद घालून पुन्हा हात वर केला. वर्गात आता हात उजवे-डावे कसेही वर येतात, चाळीसच्या चाळीस कधीच येत नाहीत. कोणाला खरंच येत नाही ते मला आता दिसतं, आणि तिथून मला शिकवायला सुरुवात करता येते.

सोमवारी मॅनेजमेंटनं मला बोलावलं आहे, आणि त्याच वेळी मुलीच्या वडिलांनाही. म्हणजे फॉर्म पुन्हा निघणार. काल संध्याकाळी व्हॅनवाल्या काकांनी मला फाटकाशी थांबवलं. तांड्यावरून निरोप होता, मुलीच्या आईचा. तिच्या नवऱ्याचं अजून ठरत नव्हतं, शाळेवाले म्हणतात तर सही करून टाकू म्हणत होता.

"पन ते म्हनली, बाईले सांगजा मी बी येतो," काका म्हणाले. "म्हनली, पोरीच्या बापासमोर तो कागद बाईनं परत वाचावा. त्या दिवशी वाचला तसाच."

"वाचते म्हणावं," मी म्हणाले. फाटकाच्या आतच उभी होते, फक्त इंग्रजीच्या हद्दीत. मग म्हणाले, "ताईले सांगा, पुरा वाचून दाखोतो."